अन्ननलिकेची इजा: उशिरा ओळखू येणाऱ्या गुंतागुंतीची पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी थोडा ताप, छातीत दुखणं, नाडी जराशी जलद. यात कुणाला वावगं वाटावं असं काही नाही. जखम दुखतेच, आणि पडून राहिल्याने फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगला नाही तरी ताप येतो. अन्ननलिकेला छिद्र पडलेलं असलं, तरी सुरुवातीला बहुतेक वेळा एवढंच दिसतं.

मुळात या नळीची रचनाच नाजूक आहे. जठर आणि आतड्यांवर बाहेरून जसं घट्ट आवरण असतं, तसं तिच्यावर नसतं. भोवतीचं ऊतक सैल असतं. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो आणि लाळ, अन्न, जठरातलं आम्ल छिद्रातून बाहेर खेचलं जातं. शिवाय मणका, श्वासनलिका, महाधमनी आणि हृदयाचा डावा वरचा कप्पा तिला अगदी खेटून असतात. म्हणून यांपैकी कशावरही शस्त्रक्रिया झाली तरी इजा हिला होऊ शकते.

या इजेचं पहिलं सविस्तर वर्णन शस्त्रक्रियेच्या संदर्भातलं नव्हतं. 1723 मध्ये डच नौदलाचे सरदार बॅरन व्हान वासेनार भरपेट जेवणानंतर औषध घेऊन ओकारी काढत असताना असह्य वेदनेने कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. लायडनचे वैद्य हर्मन बोरहाव्ह यांनी शवविच्छेदन केलं. छातीच्या पोकळीत जेवणातल्या बदकाच्या मांसाचा वास येत होता, आणि अन्ननलिका फाटलेली होती. 1724 मध्ये त्यांनी हा वृत्तांत छापला. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ हे निदान झालं तरी रुग्णाच्या हाती काही लागत नव्हतं. ओकारीने फाटलेली अन्ननलिका शिवून रुग्ण वाचवण्यात नॉर्मन बॅरेट यांना यश आलं ते 1947 मध्ये.

दरम्यान डॉक्टरांच्या हातून होणारी इजा सुरू झाली होती. 1868 मध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून सरळ, ताठ नळी आत उतरवून दाखवली. पुढे नळीच्या आत पाहण्यासाठी आलेल्या ताठ दुर्बिणींनी अन्ननलिकेच्या मानेतल्या अरुंद तोंडाशी छिद्रं पडू लागली. पण तिथली इजा त्या मानाने लवकर कळते. मान दुखते, सुजते, बोटाने दाबल्यास त्वचेखाली हवा करकरते. आजही अन्ननलिकेच्या छिद्रांपैकी निम्म्याहून अधिक तपासणी वा उपचारांदरम्यान होतात.

निदानाच्या खुणाही याच काळात ठरत गेल्या. छातीत शिरलेल्या हवेचा, हृदयाच्या ठोक्यागणिक ऐकू येणारा कुरकुर आवाज लुई हॅमन यांनी 1939 मध्ये नोंदवला. ओकारी, छातीत दुखणं आणि मानेत त्वचेखाली हवा हे मॅकलर यांचं त्रिकूट 1952 चं. पाठ्यपुस्तकांतून ते अजून शिकवलं जातं, आणि माझ्या मते शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णासाठी ते दिशाभूल करणारं आहे. कारण ते ओकारीने फाटलेल्या नळीवरून बेतलेलं आहे. शस्त्रक्रिया झालेल्याला ओकारी झालेली असतेच असं नाही, आणि वेदनाशामकांनी दुखणं दबलेलं असतं. त्वचेखालची हवा तर लॅपरोस्कोपीत, म्हणजे छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेत, पोट फुगवायला वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळेही दिसते.

शिवता येतं म्हटल्यावर वेळेला किंमत आली आणि 24 तासांची मर्यादा रूढ झाली: त्याआधी निदान झालं तर रुग्ण वाचण्याची शक्यता बरीच जास्त. नियम उपयोगाचा होता, पण त्याने असाही समज पसरला की पहिला दिवस सुखरूप गेला म्हणजे धोका टळला.

इतर शस्त्रक्रियांच्या अनुभवाने तो समज मोडला. एर्न्स्ट हेलर यांनी 1913 मध्ये अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू चिरण्याची पद्धत आणली. त्यात आतल्या अस्तराला पडलेलं छिद्र बहुधा तिथेच दिसतं आणि शिवलं जातं. रुडॉल्फ निसेन यांची आम्लपित्त वर येऊ नये म्हणूनची शस्त्रक्रिया 1956 ची, आणि 1991 पासून ती दुर्बिणीने होऊ लागली. पण अशा शस्त्रक्रियांत विजेवर चालणाऱ्या उपकरणाची उष्णता नळीला लागली, तर भाजलेला भाग काही दिवसांनी गळून पडतो आणि छिद्र तेव्हा उघडतं. मानेच्या मणक्यावर पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया 1950 च्या दशकात रूढ झाली. तिथे मणक्याला बसवलेली पट्टी किंवा स्क्रू सरकून अन्ननलिका झिजल्याचं काही रुग्णांत कित्येक वर्षांनी उघड झालं.

सर्वांत फसवा प्रकार हृदयाच्या बाजूने आला. अनियमित ठोक्यांचा उगम फुप्फुसशिरांत (फुप्फुसातून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरांत) असू शकतो हे मिशेल हायसागेर यांच्या गटाने 1998 मध्ये दाखवलं आणि कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयात सरकवलेल्या बारीक नळीने, तो भाग भाजण्याचे उपचार पसरले. 2004 मध्ये त्यानंतर हृदय आणि अन्ननलिका यांच्यात मार्ग तयार झाल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. ही गुंतागुंत अतिशय विरळ आहे, पण बहुतेकदा जीवघेणी ठरते. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो. दोन-चार आठवड्यांनी ताप येतो, गिळताना दुखतं किंवा थेट पक्षाघाताची लक्षणं दिसतात, आणि तो पोचतो तो भलत्याच विभागात. अन्ननलिकेची शंका आली की दुर्बीण घालावी हा जुना शिरस्ता इथे घातक ठरतो, कारण फुंकलेली हवा हृदयात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते.

तपासणीचा क्रमही असाच घडत गेला. क्ष-किरणात नळी दिसावी म्हणून पाजलं जाणारं बेरियम छातीत सांडलं तर दाह होतो, म्हणून आधी पाण्यात विरघळणारं द्रव्य पाजायचं. त्यात काही छिद्रं निसटतात, म्हणून ते निर्दोष आलं की मग बेरियम. आता शस्त्रक्रियेनंतरच्या शंकेत छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी (रंगद्रव्य देऊन काढलेला सीटी स्कॅन) बहुधा आधी होतो, आणि कॅथेटर उपचारानंतर तर तोच. मात्र सुरुवातीच्या दिवसांत तोही स्वच्छ येऊ शकतो. ताप किंवा दुखणं टिकून असेल, तर काही दिवसांत तो पुन्हा करावा लागतो.