कृतज्ञतेची वही : पार्श्वभूमी

रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहून काढाव्यात, हा सल्ला आता वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपासून मोबाइलमधल्या ॲपपर्यंत इतक्या सहजपणे दिला जातो की, तो आजीच्या बटव्यातून आला असावा असे वाटावे. प्रत्यक्षात त्याचे वय जेमतेम पाव शतक आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही मांडणी वाचकांना परिचित आहेच. युरोपातही १७५९ मध्ये एका स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने, उपकाराची फेड करायला थेट प्रवृत्त करते ती कृतज्ञता, असे लिहून ठेवले होते. वहीचा उगम मात्र या दोन्हींत नाही.

तो आहे अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मानसशास्त्राने आजार दुरुस्त करण्यातच बहुतेक शक्ती खर्च केली आणि माणसाच्या बळस्थानांकडे दुर्लक्ष केले, अशी तक्रार १९९८ मध्ये तेथील मानसशास्त्रज्ञांच्या प्रमुख संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात झाली आणि सकारात्मक मानसशास्त्र ही शाखा नावारूपाला आली. वहीचे शास्त्र ज्यावर उभे आहे ते प्रयोग २००३ मध्ये दोन संशोधकांनी प्रसिद्ध केले.

पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते आणि लेखन आठवड्यातून एकदा, दहा आठवडे चालले. पहिल्या गटाने कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने तेवढ्याच कटकटी आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. ‘आज सकाळी जाग आली’ अशी नोंद पहिल्याकडे, तर ‘पार्किंगला जागा मिळत नाही’, ‘स्वयंपाकघर अस्ताव्यस्त आहे आणि कोणी आवरत नाही’ अशा नोंदी दुसऱ्याकडे. वाद आहे तो याच दुसऱ्या गटावरून. दहा आठवडे कटकटींची उजळणी करणारा माणूस चिडचिडा झाला, तर त्याच्या तुलनेत दुसरा कोणीही प्रसन्न दिसणारच. आयुष्याविषयीचे समाधान आणि शारीरिक तक्रारी यांत कृतज्ञ गट तटस्थ गटाहूनही सरस ठरला, हे मान्य करायला हवे. परंतु आठवड्याला सुमारे दीड तास जास्त व्यायाम, हा पुढे लेखांतून सर्वाधिक मिरवलेला निष्कर्ष कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेतलाच होता. स्नायू व मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांवरील २१ दिवसांच्या प्रयोगात झोप सुधारल्याचे दिसले, पण तेथे तुलनेच्या गटाला लेखनाचे कामच दिलेले नव्हते. फरक कृतज्ञतेने पडला की काहीतरी चांगले लिहिण्याने, हा प्रश्न म्हणून उघडाच राहिला आणि लोकप्रिय लेखनाने तो सोयीस्करपणे गाळला.

२००५ च्या इंटरनेटवरील प्रयोगात ही उणीव काही अंशी भरून निघाली. तेथे तुलनेचा गट आठवडाभर रोज रात्री लहानपणीच्या आठवणी लिहीत होता. तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहिणाऱ्यांचा लाभ सहा महिने टिकला. उपकारकर्त्याला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणाऱ्यांचा आनंद सर्वांत जास्त वाढला, पण महिनाभराने ओसरू लागला. पुढे प्रयोगांची रीघ लागली. २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवरील परिणाम लहानच निघाला आणि तुलनेच्या गटालाही काही काम दिलेले असेल तेथे तो आणखी आक्रसला.

मराठीत यापलीकडे शब्दांचा गुंता आहे. इंग्रजीतील संशोधन कृतज्ञता आणि ऋणाचे दडपण या दोन भावना वेगळ्या धरते. पहिली सुखद, दुसरी अवघडल्यासारखी. आपल्याकडे ‘आभार’ या शब्दातच भार आहे, पुस्तकाच्या आरंभी ऋणनिर्देश असतो आणि ‘ऋणातच राहू इच्छितो’ हे वाक्य गौरवाचे मानले जाते. घरात तर आभार मानले की ‘परकं केलंस’ असे ऐकावे लागते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो, तेव्हा धन्यवादाचा एक शब्दही उच्चारला जात नाही.

त्यामुळे कृतज्ञता मोजण्याची २००२ मधील सहा विधानांची प्रश्नावली मराठीत आणताना पहिल्याच शब्दाशी अडायला होते. ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते त्या सगळ्याची यादी केली तर ती फार लांब होईल, अशा अर्थाचे एक विधान तीत आहे. तेथे ‘कृतज्ञ’ घातले तर वाक्य सभेतल्या भाषणासारखे होते, आणि ‘ऋणी’ घातले तर वाचणाऱ्यापुढे सावकाराची वही उभी राहते.