जुन्या गाडीचे भाग ब्लास्टिंगला देण्यापूर्वी

जुन्या जीपची चेसिस, मडगार्ड, रिम नाहीतर ट्रॉलीचा सांगाडा घेऊन जळगाव, धुळे, भुसावळकडची मंडळी आमच्या ब्लास्टिंगच्या वर्कशॉपमध्ये येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नवी होईल ना?" गंज जाईल, हे नक्की. गंजाने खाल्लेलं लोखंड मात्र परत येत नाही. आपली काळी माती चेसिसच्या कोपऱ्यांत आणि मडगार्डच्या आतून घट्ट बसते, पाऊस उघडल्यावरही बरेच दिवस ओल धरून ठेवते. तिथला पत्रा रंगाखाली पापुद्रे सुटून पातळ झालेला असतो. ब्लास्टिंगनंतर त्याची चाळणी झालेली दिसली, तर ती भोकं गंजाने आधीच पाडलेली असतात. इतके दिवस लांबी (पुट्टी) आणि रंगाने झाकली होती, एवढंच. म्हणून वेल्डिंगवाल्याशी अगोदर बोलून ठेवा.

कॉम्प्रेसरच्या हवेने कठीण, टोकदार कण जोरात मारून गंज आणि जुना रंग उडवायचा, असं हे काम आहे. चेसिस, अ‍ॅक्सल, रिम अशा जाड लोखंडाला गार्नेट (कठीण खनिजाचे कण) किंवा स्टील ग्रिट (पोलादाचे टोकदार कण) आणि ९० ते १०० पौंड दाबाची हवा चालते. तारेच्या ब्रशने गंज वरवर चमकतो, पण खड्ड्यांत तसाच राहतो. कण त्या खड्ड्यांत पोचतात आणि पृष्ठभाग खरखरीतही करतात, त्यामुळे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, घट्ट धरतो.

बॉनेट, दरवाजे, टप यांची गोष्ट वेगळी. पत्रा तापून वाकतो असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण माऱ्याचं आहे: कण आदळून पत्र्याची वरची बाजू ताणली जाते आणि सपाट पत्रा फुगतो. सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एका बॉनेटला अशी लाट आली. ती पूर्ण सरळ झाली नाही, याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पत्र्याला बारीक कण, कमी दाब आणि तिरका नोझल. वेळ जास्त लागतो, म्हणून दरही जास्त. घाईने करून द्या म्हणालात, तर आम्ही नाही म्हणू.

कार्बोरेटर, गिअरबॉक्सची झाकणं असे अ‍ॅल्युमिनियमचे भाग काचेच्या बारीक मण्यांनी करतो. स्टील ग्रिट लावलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पुढे त्यांनाच गंज चढतो. भाग पूर्ण सुटा करून आणा. एक मणी जेटमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात) अडकला तरी गाडी त्रास देते. बेअरिंग, सील, रबर, काच काढलेली हवी.

तापी-गिरणेची वाळू स्वस्त पडेल, असं बरेच जण सुचवतात. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचते, तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. आमची पोरं रोज त्या नोझलमागे उभी असतात. त्यामुळे वाळू वापरणार नाही.

पेट्रोलची टाकी घेत नाही. रिकामी वाटली तरी आत वाफ असते आणि ठिणगी पुरते. तेल-ग्रीस घरीच धुऊन काढा. ते राहिलं तर कण त्यावर चिकटतात आणि आमचा मालही खराब होतो. चेसिसखालचं डांबरी कोटिंग आधी खरवडलेलं असावं, कारण त्या मऊ थरावरून कण नुसते उसळतात. दोन पत्र्यांमधल्या बंद पोकळीत नोझल पोचत नाही, तिथला गंज तसाच राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लास्टिंग झालेलं लोखंड उघडं असतं. पावसाळ्यात रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी तांबूस झालेलं मिळतं. मे महिन्यात हवा कोरडी असते, पण घामेजल्या हाताने उचललं की बोटांचे ठसे गंजून उठतात. हातमोजे घाला, पाण्याने धुऊ नका, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. भर दुपारच्या उन्हात मात्र मारू नका, उडतानाच सुकतो आणि भुकटीसारखा बसतो. तुमचा पेंटर त्या दिवशी मोकळा नसेल तर प्रायमर आम्हीच मारून देतो. भाग सकाळी लवकर आणून द्या, म्हणजे संध्याकाळी तो राखाडी होऊनच घरी जाईल.