कोल्हापुरात घर बांधायचंय? पूररेषा, माती आणि फायलीतले कागद

कोल्हापुरात प्लॉट बघायला गेलं की एजंटचं एक वाक्य ठरलेलं असतं: "२०१९ ला हितं पाणी न्हवतं बघा." असेलही. पण बांधकाम परवान्याच्या फायलीत एजंटची आठवण चालत नाही, तिथं जलसंपदा विभागाची पूररेषा चालते.

म्हणून पहिला अर्ज तिथं करा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीची 'क' प्रत आणि सर्व्हेअरकडून जागेच्या पातळ्या काढून घेतलेला नकाशा जोडून पूररेषेचा अभिप्राय मागायचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी आपल्याला पाठ असते, पण ती सामान माडीवर कधी चढवायचं हे ठरवायला. परवान्याला लागतात त्या निळी आणि लाल रेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. निळी ते लाल या पट्ट्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे (राज्याचे बांधकामाचे नियम) जोतं, म्हणजे तळमजल्याच्या जमिनीची पातळी, लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर लागतं.

हे ऐकलं की लोक ट्रॉल्या मागवून मुरमाचा भराव टाकतात. मग पाण्याचा प्रश्न मातीचा होतो. नीट न दाबलेला भराव वर्षानुवर्षं बसत राहतो आणि त्यावरची भिंत तडकते. या शहरात तर भराव जुनाच आहे: गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ तळं होतं, मंडईच्या जागी कपिलतीर्थ. सिटी सर्व्हेचा जुना नकाशा काढून आपल्या गटातून ओढा जात होता का, तेवढं बघाच.

आता माती. नदीकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, पायाला मात्र खोडकर. एप्रिल-मेमध्ये भेगेत हात जातो आणि जुलैत तीच माती फुगून फरशी उचलते. फुगवट्याची चाचणी साधी आहे. चाळून वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या नळ्यांत घालतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतला फरक टक्क्यांत काढतात. ५० टक्क्यांच्या वर गेला तर साधा उथळ पाया विसरा आणि काळी माती काढून मुरमापर्यंत जायचं की अंडररीम्ड पाइल (खाली फुगीर बुंधा असलेले खोल काँक्रीटचे खांब) घ्यायचे, ते इंजिनिअरला विचारा.

एक गंमत सांगतो. माती परीक्षण अहवाल मागितला की दर वर्षी कोणीतरी नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेला शेतीचा कागद आणतो. तो नव्हे. आपल्याला हवा भूतांत्रिक अहवाल, म्हणजे पायासाठी केलेली जमिनीची तपासणी, आणि तोही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा. साधारण एकरभर जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर, छोट्या घराला मध्ये एक खड्डाही चालतो. बोअरमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडत ठोके मोजतात. त्या वेळी जागेवर हजर राहा, उभं राहून बघण्यासारखं काम आहे. अहवालात वहन क्षमता (जमीन किती भार पेलते), भूजल पातळी, फुगवटा आणि पायाची शिफारस हवी. शेजारच्या प्लॉटचा अहवाल झेरॉक्स करून लावू नका, पन्नास फुटांवर खडक खाली गेलेला असतो.

पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगडकडे जागा असेल तर उतार मोजून घ्या. १:५ पेक्षा तीव्र उतारावर परवाना मिळत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर भूस्खलनप्रवण भागांचे नकाशे फुकट आहेत. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्यापासून लांब नव्हता, तेव्हा स्ट्रक्चरल डिझाइन भूकंपरोधक असल्याचा इंजिनिअरचा दाखलाही घ्या.

अर्ज कुठं? महापालिका हद्दीत नगररचना विभागाकडे. हद्दीबाहेरच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे. अर्ज मालक किंवा कुलमुखत्यारपत्रधारक करू शकतो, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत. सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती लागते, आणि फाईल सगळ्यात जास्त अडते ती इथंच: बहिणीचं नाव लागलेलं असतं, ती पुण्याला असते, आणि भावानं तिला अजून सांगितलेलंच नसतं.

फ्लॅटची स्कीम असेल तर ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट झाले की महारेराकडे (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी हवी. २०,००० चौरस मीटर बांधकामाला पर्यावरण मंजुरी. फ्लॅट घेणाऱ्यानं ताब्यापासून पाच वर्षांत संरचनात्मक दोष दिसला तर बिल्डरला तो विनामोबदला दुरुस्त करायला लावता येतो.

परवाना मिळाल्यावर खोदाईच्या दिवशी अहवाल हातात ठेवा. दीड मीटरवर मुरूम लिहिलाय आणि जेसीबीच्या बकेटला अजून काळी चिकण लागतेय, तर पीसीसीची (पायाखालच्या साध्या काँक्रीटची) गाडी परत पाठवा आणि इंजिनिअरला खड्ड्यात उतरवा.