हेक्सापॉन

हेक्सापॉन हा दोघांनी खेळायचा पटावरचा छोटा खेळ. पट 3×3, म्हणजे 9 घरांचा. समोरासमोरच्या कडेच्या ओळींत प्रत्येकाची 3 प्यादी. अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी तो रचला आणि मार्च 1962 च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात मांडला.

खेळ एवढा लहान ठेवण्याचे कारण काडेपेट्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मिची यांनी 1961 मध्ये फुल्ली-गोळा शिकणारे यंत्र बनवले होते. पटावरच्या प्रत्येक स्थितीला एक काडेपेटी, आणि पेटीत त्या स्थितीतल्या खेळींचे रंगीत मणी. त्यासाठी 304 काडेपेट्या लागल्या. वाचकाने घरी करायचे, तर हा पसारा फार मोठा. म्हणून गार्डनर यांनी मोजक्या स्थितींचा खेळ घडवला. यंत्राने नेहमी दुसरी खेळी करायची आणि आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जुळ्या स्थिती एकच धरायच्या, म्हणजे 24 पेट्यांत काम भागते.

प्यादे समोरच्या रिकाम्या घरात एक घर सरकते आणि तिरपे मारते. देशी बुद्धिबळाप्रमाणेच येथेही सुरुवातीला दोन घरांची उडी नाही. जो पलीकडच्या ओळीत पोचतो, समोरची सगळी प्यादी मारतो किंवा प्रतिस्पर्ध्याला एकही खेळी उरू देत नाही, तो जिंकतो.

या रचनेतला सर्वांत सुंदर नियम तिसरा आहे. प्यादी मागे येत नाहीत, त्यामुळे डाव रेंगाळूच शकत नाही. तो फार तर 7 खेळींत आटोपतो. पण प्यादी एकमेकांसमोर अडली की बरोबरी झाली असती. कोंडी होणे म्हणजे हार, असे ठरवल्याने बरोबरीची शक्यताच संपली.

अचूक खेळल्यास दुसरा खेळाडू हमखास जिंकतो. पहिल्याने मधले प्यादे पुढे काढले, तर दुसऱ्याने ते कडेच्या प्याद्याने मारावे. आता ते प्यादे पुढच्याच खेळीत शेवटची ओळ गाठणार, म्हणून पहिल्याला ते मारावेच लागते. मग दुसऱ्याने उरलेले कडेचे प्यादे पुढे सरकवले की झाले: पहिल्याने डावीकडून मारले असो वा उजवीकडून, एका बाजूने त्याची पुरती कोंडी होते, दुसऱ्या बाजूने ते प्यादे पलीकडे पोचते.

यंत्राला यातले काहीच सांगावे लागत नाही. पेटी हलवून जो मणी येईल ती खेळी करायची. डाव हरल्यास शेवटच्या खेळीचा मणी काढून टाकायचा. पेटी रिकामी झाली तर यंत्राने हार मानायची आणि त्याच्या आधीच्या खेळीचा मणी काढायचा. हरवणाऱ्या खेळी अशा गळत जातात आणि पुरेसे डाव झाल्यावर ते यंत्र कोणालाच हरत नाही.