लिव्हर एक, पेशंट दोन, नंबर कोणाचा?

ग्रीन कॉरिडॉर करून लिव्हर एका हॉस्पिटलातून दुसरीकडे नेलं अशी बातमी आली की फॅमिली ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, "मिळालं असेल एखाद्या बड्या धेंडाला." ऑपरेशनचा खर्च बघता हा राग अगदीच उगाच आहे असं नाही. पण समजा पैसा बाजूला ठेवला, वशिला कोणाचाच नाही, आणि तरीही लिव्हर एक न् पेशंट दोन, मग द्यायचं कोणाला? खरी गोची इथे आहे.

मेंदूमृत माणसाचे अवयव घ्यायला आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने वाट करून दिली, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगरच्या झेडटीसीसी, म्हणजे विभागीय केंद्रं, वाटपाचं काम बघतात. पण मला सांगायचंय ते अमेरिकेतल्या एका फॉर्म्युल्याबद्दल, कारण मला तो भयंकर आवडतो.

तिकडे आधी वेटिंग लिस्टवर किती दिवस झाले याला बरंच वजन होतं, शिवाय पोटात पाणी किती झालंय, पेशंट किती गुंगीत आहे हे डॉक्टरच्या अंदाजावर, आणि आयसीयूत असेल तर नंबर वर. मग पेशंटला आयसीयूत टाकायचा मोह होणारच की! म्हणून २००२ पासून मेल्ड स्कोअर आला, हाच तो माझा आवडता फॉर्म्युला. मुळात तो मेयो क्लिनिक या तिकडच्या नावाजलेल्या हॉस्पिटलात वेगळ्याच कामासाठी, लिव्हरच्या एका प्रोसिजरनंतर कोण जगेल याचा अंदाज घ्यायला बनवलेला. त्यात रक्ताच्या फक्त तीन टेस्ट. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो, कारण गोठवणारी बरीचशी प्रथिनं लिव्हरच बनवतं. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची अवस्था, कारण लिव्हर गेलं की पाठोपाठ किडनीही बसते.

(कावीळ "उतरवणाऱ्यांबद्दल" इथेच सांगून टाकतो. हाताला पाला-चुना लावून धुतला की पाणी पिवळं होतं ते त्या रसाच्या आणि चुन्याच्या रिअ‍ॅक्शनने, ठणठणीत माणसाचे हात धुवून बघा, तसंच होईल. साधी व्हायरल कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते आणि श्रेय बाबाला जातं.)

तर या तिन्ही आकड्यांचा लॉग घ्यायचा, शाळेतलाच, फक्त नॅचरल. बिलिरुबिनच्या लॉगला ३.७८ ने गुणायचं, आयएनआरच्या ११.२ ने, क्रिएटिनिनच्या ९.५७ ने, बेरीज करून त्यात ६.४३ मिळवायचे. लॉगमुळे गंमत अशी होते की बिलिरुबिन १ चं २ झालं काय किंवा १० चं २० झालं काय, पॉइंट सारखेच वाढतात, अडीचच्या आसपास. १ च्या खालचा आकडा सरळ १ धरायचा, नाहीतर लॉग मायनसमध्ये जातो. स्कोअर ६ ते ४०, जितका जास्त तितका तीन महिन्यांत मरण्याचा धोका जास्त, आणि नंबर वर. डॉक्टरची मर्जी नाही, ओळखपाळख नाही.

आता दोन पेशंट घ्या, एक बाई एक पुरुष, दोघांचं बिलिरुबिन ३, आयएनआर १.८, किडन्याही सारख्याच खराब. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून, आणि बायकांच्या अंगात स्नायू सरासरीने कमी, त्यामुळे तिचं येतं समजा १.० आणि त्याचं १.३. फॉर्म्युल्यात घाला, तिला १७, त्याला २०. आजार तेवढाच, तीन पॉइंट मागे! लिस्टवर बायका पुरुषांपेक्षा जास्त मरत होत्या त्याचं हे एक कारण. ते दुरुस्त व्हायला २०२३ उजाडलं, मेल्ड ३.० मध्ये बायकांना १.३३ पॉइंट जास्तीचे दिले आणि इतरही काही बदल केले.

बरं, हे सगळं "जो जास्त आजारी तो आधी" हे मान्य केलं तर. ब्रिटनने २०१८ मध्ये उलटा विचार केला, लिव्हर दिल्याने कोणाचं आयुष्य जास्त वाढेल ते मोजायचं. ऐकायला एकदम फेअर. पण हिशोब पाचच वर्षांपर्यंतचा, मग पंचविशीतल्या पोराला पुढे मिळणारी तीस-चाळीस वर्षं त्यात धरलीच जात नाहीत, आणि तरुण पेशंट मागे पडतात अशी टीका सुरू झाली. यातलं एकही उत्तर गणिताने दिलेलं नाही, काय मोजायचं ते माणसांनी आधीच ठरवलेलं होतं. त्यामुळे आता "एआयला ठरवू द्या, तो न्यूट्रल असतो" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

आणि आपल्याकडे तर बहुतेक लिव्हर मेंदूमृत दात्याकडून येतच नाहीत, घरातलंच कोणीतरी आपला तुकडा देतं. तिथे स्कोअर नाही, लिस्ट नाही, रात्री जेवणं झाल्यावर घरात बोलणं होतं आणि ठरतं. देशातल्या जिवंत अवयवदात्यांमध्ये बायका साठ टक्क्यांच्या वर आहेत.