नेस्टेड स्ट्रक्चरमधील लवचिक ॲरे

सी भाषेत स्ट्रक्चरचा (अनेक सदस्य एकत्र बांधणाऱ्या रचनेचा) शेवटचा सदस्य म्हणून, कंसात आकडा न लिहिता घोषित केलेला ॲरे (एकाच प्रकारच्या घटकांची यादी) म्हणजे लवचिक ॲरे. १९९९ च्या मानकाने, म्हणजे सी९९ ने, तो अधिकृत केला. त्याआधी तेच काम एका घटकाचा ॲरे शेवटी ठेवून आणि जास्तीची मेमरी मागून भागवले जाई. जीसीसी या सीच्या कंपायलरमध्ये शून्य घटकांचा ॲरेही चालत असे. असे स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरच्या पोटात घातले की काय होते, हा या नोंदीचा विषय.

मानकाचा नियम कडक आहे. लवचिक ॲरे शेवटीच हवा आणि त्याच्याआधी निदान एक नाव असलेला सदस्य हवा. असे स्ट्रक्चर, किंवा ते पोटात असलेले युनियन (सगळे सदस्य एकाच जागेत ठेवणारी रचना), दुसऱ्या स्ट्रक्चरचा सदस्य होऊ शकत नाही आणि ॲरेचा घटकही होऊ शकत नाही. जीसीसी आणि क्लँग हा दुसरा कंपायलर मात्र विस्तार म्हणून हे चालवून घेतात. कंपायलरने ‘हो’ म्हटले म्हणजे मांडणी बरोबर आहे, असे धरून चालणे इथे महागात पडते.

यवतमाळ, अकोला, वर्धा या कापूसपट्ट्यात वेचणीची मजुरी किलोमागे मोजतात. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लावून प्रत्येकीचे गाठोडे तोलले जाते. पहिल्या वेच्याला चार बाया पुरतात, पुढे बारा-पंधरा लागतात. हा हिशेब एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर ठेवायचा, तर नोंदीची लांबी रोज वेगळी होणार. लवचिक ॲरे नेमका अशा कामासाठी आहे. ‘वेचणी’ या स्ट्रक्चरमध्ये शेताचा क्रमांक (४ बाइट), बायांची संख्या (२ बाइट) आणि शेवटी ‘किलो’ हा २-२ बाइटांचा लवचिक ॲरे घेऊ. वजन किलोच्या दहाव्या भागात लिहायचे, म्हणजे ४१.२ किलोसाठी ४१२.

आता मोजमाप पाहू. किलो ॲरे सुरू होतो ६ व्या बाइटपासून, पण स्ट्रक्चरचा आकार सांगणारा साइझऑफ सांगतो ८. क्रमांकाला ४ ची अलाइनमेंट लागते, म्हणजे तो ४ च्या पटीतल्या बाइटवर सुरू व्हावा लागतो, म्हणून शेवटी २ बाइटांचे पॅडिंग (भरीची रिकामी जागा) येते आणि ॲरेचा पहिला घटक त्या पॅडिंगमध्येच बसतो. साइझऑफमध्ये ॲरेचे घटक धरलेले नसतात, तरी तो ॲरेच्या सुरुवातीपेक्षा मोठा असू शकतो. पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ या फरकात आहे.

बारा बायांसाठी मॅलॉककडे (मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे) ८ + २४ = ३२ बाइट मागावेत. सदस्य कितव्या बाइटवर सुरू होतो हे सांगणाऱ्या ऑफसेटऑफने काटेकोर हिशेब केला तर ३० पुरतात, पण संख्या शून्य असली की उत्तर ६ येते. त्या ६ बाइटांच्या जागेत अख्खे स्ट्रक्चर असाइन केले तर कंपायलर ८ बाइट लिहू शकतो. म्हणून साइझऑफ आणि ऑफसेटऑफचा हिशेब यांतला मोठा आकडा घ्यावा. असाइनमेंटने किलोची यादी नकलली जात नाही, हेही विसरू नये. पहिला घटक पॅडिंगमध्ये असल्याने कधी कधी तेवढाच पलीकडे पोचतो आणि नक्कल झाल्याचा भास होतो. पूर्ण नक्कल हवी तर मेमकॉपीला (बाइट नकलणाऱ्या फंक्शनला) संपूर्ण लांबी द्यावी.

फाइलमध्ये आधी साइझऑफएवढा भाग आणि मग किलोची यादी, असे लिहिले तर पहिले वजन दोनदा उतरते. पुढे ती नोंद एकदम वाचली की पहिल्या बाईचे वजन दुसरीच्या नावावर, दुसरीचे तिसरीच्या, असे सरकत जाते आणि शेवटची बाई यादीतून गळते. शीर्षभाग, म्हणजे यादीआधीचा भाग, लिहिताना ऑफसेटऑफचे ६ च घ्यावेत.

आता नेस्टिंग, म्हणजे एका स्ट्रक्चरच्या पोटात दुसरे. ‘मजुरी’ या बाहेरच्या स्ट्रक्चरमध्ये आधी ‘वेचणी’, मग दर (४ बाइट, पैशांत) आणि उचल (४ बाइट) ठेवली, तर वेचणी मधोमध अडकते. दर ८ व्या बाइटवर बसतो. किलोचा दुसरा घटकही ८ व्याच बाइटवर. दर १० रुपये, म्हणजे १००० पैसे लिहून ठेवला आहे असे समजा. लिटल-एंडियन (संख्येचा लहान भाग आधी ठेवणाऱ्या) प्रोसेसरवर एकाच बाईचे वजन भरून पाहिले तर सगळे बरोबर दिसते, कारण पहिला घटक पॅडिंगमध्ये मावतो. दुसरीचे ४१.२ किलो भरले की दराच्या जागी ४१२ पैसे येतात: किलोमागे ४ रुपये १२ पैसे. तिसरीचे ३८.५ किलो भरले की दर होतो २,५२,३१,७७२ पैसे. तिसऱ्या वेळची चूक कोणीही पकडेल. दुसऱ्या वेळची पकडली जात नाही, कारण ४ रुपये १२ पैसे हा आकडा दरासारखाच दिसतो आणि दिवसभर उन्हात वाकलेल्या बाईच्या हातात निम्म्याहून कमी मजुरी पडते. चाचणी म्हणूनच शून्य, एक, दोन आणि तीन अशा चारही संख्यांवर घ्यावी.

यात आणखी एक गुंता आहे. किलोत लिहिल्याने दर बदलणार नाही, असे ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) गृहीत धरू शकतो आणि आधी वाचलेला दर रजिस्टरमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जागेतच, ठेवू शकतो. मग ऑप्टिमायझेशन बंद असताना चुकणारा प्रोग्रॅम चालू असताना बरोबर उत्तर देतो, किंवा उलट. मधल्या लवचिक ॲरेबाबत कंपायलर एकसारखे वागत नाहीत, असे जीसीसीची कागदपत्रेच सांगतात आणि असा कोड बदलायला सांगतात.

वेचणी शेवटी ठेवली तर जीसीसी आणि क्लँग दोन्ही ते नीट सांभाळतात. दर ०, उचल ४, वेचणी ८ आणि किलो १४ व्या बाइटवर येतो, साइझऑफ १६. बारा बायांसाठी १६ + २४ = ४० बाइट मागायचे. मानकाबाहेरचे हे रूप जीसीसी ‘पेडँटिक’ (मानक काटेकोर तपासणारा) पर्याय दिल्यावरच बोलून दाखवतो. मधोमध ठेवल्यास क्लँग आपणहून इशारा देतो. जीसीसीत ‘फ्लेक्स-ॲरे-मेंबर-नॉट-ॲट-एंड’ हा इशारा १४ व्या आवृत्तीपासून आहे, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. तो चालू करावाच.

घोषणेतच सुरुवातीची मूल्ये भरण्याची सोय जीसीसी विस्तार म्हणून देतो, पण फक्त सर्वांत बाहेरच्या स्ट्रक्चरच्या लवचिक ॲरेसाठी. आतल्या किलोला तशी मूल्ये दिली तर एरर येतो.

दुरुस्तीचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे शीर्षभाग वेगळा काढणे. क्रमांक आणि संख्या यांचे लवचिक ॲरे नसलेले छोटे स्ट्रक्चर करावे आणि दुसऱ्याच्या पोटात तेच घालावे. यादी हवी तिथे पूर्ण रूप वापरावे. लिनक्स कर्नलमध्ये ‘स्ट्रक्ट_ग्रुप_टॅग्ड’ हा मॅक्रो याच पद्धतीने वापरतात. मेमरी पुरेशी असेल तर यादी वेगळी मागून आत फक्त पॉइंटर (तिच्या जागेचा पत्ता) ठेवावा. पण मग तिची मेमरी वेगळी परत करावी लागते आणि नोंद एका तुकड्यात फाइलमध्ये लिहिता येत नाही. अनेक दिवसांच्या नोंदींसाठी वेचणीचा ॲरे कधीच करू नये. त्यात प्रत्येक घटक ८ बाइटांवर सुरू होतो, म्हणून पहिल्या दिवसाची दुसरी बाई दुसऱ्या दिवसाच्या शेत-क्रमांकावर जाऊन बसते. पॉइंटरांचा ॲरे करावा, किंवा नोंदी एकापाठोपाठ ठेवून प्रत्येकीची लांबी ४ च्या पटीत वर नेत पुढे सरकावे.

जुन्या पद्धतीचे ॲरे किती लवचिक मानायचे, हे ‘स्ट्रिक्ट-फ्लेक्स-ॲरेज’ हा पर्याय ठरवतो. तो जीसीसी १३ मध्ये आला. पातळी ० ला शेवटचा कोणताही ॲरे लवचिक समजला जातो, १ ला रिकाम्या कंसाचा, शून्य घटकांचा आणि एका घटकाचा, २ ला रिकाम्या कंसाचा आणि शून्याचा, ३ ला फक्त रिकाम्या कंसाचा. ‘काउंटेड_बाय’ हे ॲट्रिब्यूट किलोला संख्येशी बांधते, त्यामुळे सीमा ओलांडली की सॅनिटायझरला (चालू प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या तपासणीला) पकडता येते. जीसीसीत ते १५ व्या आवृत्तीपासून मिळते. ते वापरताना क्रम पाळावा लागतो: आधी संख्येत १२ लिहायचे, मगच किलोत पहिले वजन. संख्या शून्य असतानाच वजन भरले, तर योग्य मेमरी घेतलेली असूनही तपासणी ते सीमेबाहेरचे ठरवते.