शेजाऱ्याचं बोअर आणि संगणकातली कासवं

मोहोळकडे एकाने चारशे फूट बोअर मारलं की बांधाशेजारचा पाचशे मारतो. ज्याचा त्याचा हिशेब बरोबर, शिवाराचं पाणी मात्र खाली जातं. कोणाच्या बांधाला कोणाचा बांध, यावरच सगळं ठरत असल्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीत हे दिसत नाही. त्यासाठी संगणकात एकेक शेतकरी वेगळा मांडावा लागतो. अशा मांडणीला एजंट-आधारित मॉडेल म्हणतात, त्यातला प्रत्येक घटक म्हणजे 'एजंट'.

असं मांडायची संगणकाची भाषा पहिल्यांदा नॉर्वेतल्या ऑस्लोत घडली. डाल आणि निगार्ड या संशोधकांच्या 'सिम्युला 67' मध्ये प्रत्येक घटकाला स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं मिळालं. आजच्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचं मूळ हेच. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंगने मात्र 1971 चा वस्त्यांचा प्रसिद्ध अभ्यास चौकटींच्या पटावर हाताने नाणी सरकवून उभा केला. आपल्यासारखे थोडे शेजारी हवेत, एवढ्या माफक अपेक्षेतूनही वस्त्या पार दुभंगतात, हे त्यात दिसलं.

1967 मध्येच मुलांसाठी 'लोगो' ही भाषा आली. त्यातलं कासव 'फॉरवर्ड 50' म्हटलं की रेघ ओढत पुढे जायचं. एमआयटीत मिचेल रेझनिकने 'स्टारलोगो'त एकाची हजारो कासवं केली आणि, माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट, खालच्या जमिनीलाही आज्ञा पाळायला लावली. 1999 मध्ये उरी विलेन्स्कीच्या 'नेटलोगो'त ही कल्पना आणखी सुटसुटीत झाली. शेतकरी म्हणजे कासव, भूजल म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा, म्हणजे 'पॅच'चा गुण. 'आस्क पॅचेस' म्हटलं की जमीन स्वतः हिशेब करते. सांता फे इन्स्टिट्यूटचं 'स्वार्म', पुढची 'रिपास्ट' आणि 'मेसन' ही दमदार साधनं, पण प्रोग्रामरांच्या हातची. कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी तिथे पहिल्याच दिवशी अडतो.

नेटलोगोतही गफलती आहेतच. मूळ सेटिंगमध्ये त्यातलं जग कडांना जोडलेलं असतं, म्हणजे अक्कलकोटच्या पूर्वेला गेलेला थेट सांगोल्यात उगवतो. 'डिफ्यूज' आज्ञा पाणी आठही शेजाऱ्यांना सारखं वाटते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगाभेगांतून चालतं, म्हणून एका शेतात दोन इंची लागतं आणि पलीकडचं बोअर कोरडं जातं. तेव्हा तो नियम आपण लिहायचा. गावनकाशाच्या जीआयएस (संगणकीय नकाशाच्या) फायली हाताशी असतील तर 'गामा' बघावं. फ्रेंच आणि व्हिएतनामी संशोधकांच्या या साधनात नकाशातला प्रत्येक गट थेट एजंट होतो.